जुनाट मानदुखीवर व्यायाम: पहिल्या दिवसापासून 12व्या आठवड्यापर्यंत

गणेश चवथ सरली की माझ्याकडे मान धरलेल्यांची रांग लागते. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधायची म्हणजे दोन-तीन तास मान वर. खालून कुणी कवंडळं, सुपारीचे घोस, नारळाची पेंड पुरवत राहायचं आणि वर उभ्या माणसाने बांधत राहायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मान वळत नाही. अशी धरलेली मान बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत आपोआप सुटते. शेक, हलकी हालचाल, एखादी गोळी, झालं. हा लेख त्या मानेसाठी नाही. तीन महिने उलटून गेले, कधी कमी कधी जास्त, पण दुखणं जात नाही, अशा मानेला जुनाट दुखणं म्हणतात आणि तिचा इलाज वेगळा असतो.

मी फोंड्याला फिजिओथेरपी करते. काही वर्षांपूर्वी डिचोलीहून साठीचे एक काका आले होते. पिशवीत मानेचा पट्टा, हातात एक्स-रेचं पाकीट. "मणक्यात गॅप आहे म्हणाले. तेव्हापासून स्कूटर सोडली, नारळ सोलणं सोडलं, माटोळी पुतण्याकडे दिली. पट्टा घातला की बरं वाटतं, काढला की भीती वाटते." तीन वर्षं ते मानेला जपत होते आणि तीन वर्षांत मान सुधारण्याऐवजी आणखी कमकुवत झाली होती. मागचं वाहन पाहायला ते कमरेतून सगळं अंग वळवत.

एक्स-रेतल्या त्या 'गॅप'ने जेवढी माणसं घाबरतात तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाने घाबरत असतील. वय वाढलं की मानेच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजतात, कडांवर हाड वाढतं. केस पिकावेत तसं. मान कधीच दुखली नाही अशा माणसांचे फोटो काढले तरी त्यांत अशी झीज सर्रास दिसते. तेव्हा फोटोत झीज आहे म्हणून मान हलवायची नाही, हा हिशेब चुकीचा आहे.

मानेत 7 मणके आणि त्यांच्यावर साडेचार-पाच किलोचं डोकं. हा भार दिवसभर पेलतात ते स्नायू. दुखणं लांबलं की कण्याला लगटून असलेले आतले स्नायू सुस्तावतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना दोरीसारखे उठणारे बाहेरचे स्नायू त्यांचं काम अंगावर घेतात. ते लवकर थकतात, ताठतात, दुखतात. दुखतं म्हणून माणूस मान आणखी कमी हलवतो. तेल चोळून, शेकून, पट्टा बांधून त्या दिवसापुरता आराम मिळतो, पण सुस्तावलेला स्नायू त्याने जागा होत नाही. त्याला काम दिलं तरच तो जागा होतो.

फिनलंडमध्ये कार्यालयात काम करणाऱ्या, जुनाट मानदुखीच्या 180 स्त्रियांना वर्षभर पाहिलं गेलं. हा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. एका गटाने रबरी पट्ट्याने मानेचे जोराचे व्यायाम केले, दुसऱ्याने आडवं पडून डोकं उचलण्याचे हलके व्यायाम केले, तिसऱ्याला फक्त ताणाचे व्यायाम आणि चालण्यासारखे दमाचे व्यायाम करायला सांगितलं. वर्षाअखेर पहिल्या दोन्ही गटांचं दुखणं तिसऱ्यापेक्षा स्पष्टपणे कमी होतं. जोराचे व्यायाम करणाऱ्यांची मान पुढे वाकवण्याची ताकद तर 110 टक्के वाढली होती. म्हणजे दुपटीहून जास्त, आणि तीही वर्षानुवर्षं दुखणाऱ्या मानांत. काकांना मी हेच सांगितलं होतं. पटलं नाही, पण "करून बघतो" म्हणाले.

सुरू करण्याआधी

काही लक्षणं असतील तर व्यायाम बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा. पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं. हातातली ताकद कमी होणं, शर्टाची बटणं लावताना बोटं न ऐकणं, चालताना तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं. ताप किंवा कारण नसताना उतरलेलं वजन. कूस बदलली तरी न थांबणारं, रात्री झोपू न देणारं दुखणं. पूर्वी कर्करोग झालेला असेल किंवा संधिवात असेल तरी आधी विचारा. हाताला मुंग्या येत असतील तर व्यायाम बंदच असं नाही, पण पहिली तपासणी समक्ष झालेली बरी.

अचानक कधी नव्हे इतकं डोकं-मान दुखून एकाचं दोन दिसू लागलं, बोलणं अडखळलं, गिळता येईना, किंवा छातीत दडपण येऊन कळ जबड्याकडे-हाताकडे जाऊ लागली, तर घरी शेकत बसू नका. 108 ला फोन करा.

हे काही नसेल तर एक वही घ्या. पाठ टेकून बसा, मान उजवीकडे वळवा आणि भिंतीवरची कुठली वस्तू दिसते ते लिहा. खिडकीची कड, कालनिर्णय, देव्हारा, काहीही. मग डावीकडे. आजचं दुखणं 0 ते 10 मध्ये किती, तेही लिहा. आणि दुखण्यामुळे सोडून दिलेली एक गोष्ट लिहा. काकांनी 'माटोळी' लिहिलं. सावईवेऱ्याच्या एका वहिनींनी 'भजनाला दोन तास बसणं' लिहिलं होतं. दुखणं रोज वरखाली होतं, त्यावरून सुधारणा कळत नाही. सोडलेली गोष्ट परत जमू लागली की कळतं.

आठवडा 1 ते 3: हनुवटीचा छोटा 'हो'

सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जास्त चुकणारा व्यायाम हाच, म्हणून यावर वेळ घालवते.

उताणे पडा, गुडघे वाकवलेले. गादी फार मऊ नको, चटईवर सतरंजी उत्तम. डोक्याखाली टॉवेलची घडी अशी ठेवा की कपाळ आणि हनुवटी एका पातळीत येतील. ओठ मिटलेले, दात एकमेकांना न टेकलेले, जीभ टाळूला. आता कुणाला तरी अगदी हळू 'हो' म्हणायचं आहे, इतक्याच बेताने हनुवटी गळ्याकडे झुकवा. डोकं उचलायचं नाही, उशीत दाबायचंही नाही. डोक्याची मागची बाजू टॉवेलवरून जराशी वर सरकल्यासारखी वाटली की बरोबर झालं. तिथेच 10 सेकंद थांबा, श्वास चालू ठेवा, सोडा. असं 10 वेळा, दिवसातून दोनदा.

एका हाताची बोटं गळ्याच्या बाजूला हलकी ठेवा. ती दोरी ताठ झाली तर तुम्ही जास्त जोर लावताय. निम्मा करा.

काकांनी पहिल्यांदा केलं तेव्हा डोकं टॉवेलवरून पार उचललं, गळ्याच्या दोन्ही दोऱ्या उठल्या, श्वास कोंडला, चेहरा लाल. मी म्हटलं, याच्या चौथा हिस्सा. परत केलं. "एवढंच? हा काय व्यायाम?" चौथ्या वेळेला सहाव्या सेकंदाला हनुवटी थरथरायला लागली. इतक्या लहान हालचालीने मान थरथरते म्हणजे आतले स्नायू किती दिवस निजलेले आहेत ते समजा. आमच्याकडे यासाठी रक्तदाबाच्या पट्ट्यासारखी हवेची पिशवी असते. ती मानेखाली ठेवून 20 पर्यंत हवा भरतात आणि पेशंटने हनुवटी झुकवत काटा दोन-दोनने 30 पर्यंत न्यायचा असतो. काका पहिल्या दिवशी 22 वरच डगमगले. घरी ही पिशवी लागत नाही, बोटं पुरतात. 10 सेकंद जमत नसतील तर 5 ने सुरू करा.

याच तीन आठवड्यांत बसून मान हलवायचा सराव करा. उजवीकडे-डावीकडे वळवणं, कान खांद्याकडे नेणं, वर-खाली पाहणं, प्रत्येकी 8-10 वेळा, संथ. दुखायला लागतं तिथपर्यंत जा आणि परत या. दुखऱ्या जागेच्या अलीकडेच कायम थांबत राहिलात तर मान तेवढीच वळणार. मान गोल-गोल गरगर फिरवण्याचा मात्र मला उपयोग दिसलेला नाही, अनेकांना त्याने चक्करच येते.

तिसऱ्या आठवड्यापासून: तळहाताचा विरोध

ताठ बसून तळहात कपाळाला लावा. कपाळ हाताकडे दाबा, हाताने तेवढाच विरोध करा. डोकं जागचं हलता कामा नये. आपल्या पूर्ण जोराच्या चौथ्या हिश्श्यापासून सुरू करा, 5-6 सेकंद, 5 वेळा. मग डोक्यामागे दोन्ही हात, मग कानाच्या वर एकेक बाजू. रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास कोंडायचा नाही, मोठ्याने 1 ते 6 मोजलं की तो आपोआप चालू राहतो. दर आठवड्याला जोर थोडा वाढवा. पाच मिनिटांचं काम आहे, बसल्या जागी होतं.

आठवडा 4 पासून: खांदे आणि फरे (खांद्यामागची पाती)

मान एकटी नसते. कवटीपासून खांद्यापर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला मोठा स्नायू मान आणि हात दोघांचा भार वाहतो. कुंडईच्या कारखान्यात आठ तास पॅकिंगला उभी राहणारी बाई किंवा शिलाई मशीनवर वाकलेली, दोघी बोट ठेवतात ते याच स्नायूवर. इथे वजन उचलावंच लागतं.

एक लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या घ्या, झाले एकेक किलोचे डंबेल्स. आठवड्यातून तीनदा, एक दिवस आड, 20 मिनिटं.

हात दोन्ही बाजूंनी खांद्याच्या उंचीपर्यंत उचला, कोपर किंचित वाकलेलं, सावकाश खाली. उचलताना खांदे कानाकडे जायला लागतात, ते होऊ देऊ नका. मग एक हात खाटेवर टेकून वाकायचं आणि दुसऱ्या हाताने बाटली विहिरीतून घागर ओढल्यासारखी कमरेपर्यंत ओढायची. पुढे वाकूनच दोन्ही हात पंखांसारखे बाजूला उचलायचे, फरे एकमेकांकडे ओढले गेले पाहिजेत. शेवटी उभं राहून खांदे सरळ वर उचलून सोडायचे. प्रत्येकी 12-15 वेळा, थोडा दम खाऊन परत, असे दोन किंवा तीन सेट.

15 वेळा सहज जमायला लागलं की वजन वाढवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, बायका तर हटकून. एक किलोवर सहा महिने थांबून "काही फरक नाही" म्हणतात. फरक पडणार कसा? भरलेली पाण्याची घागर कमरेवर घेणाऱ्या बाईला एक किलो म्हणजे काहीच नाही. शेवटच्या दोन-तीन वेळा उचलणं जड गेलं पाहिजे. दोन किलो, तीन, जमेल तसं पुढे.

वेळच मिळत नाही असं म्हणणाऱ्यांना मी डेन्मार्कमधला 2011चा एक अभ्यास सांगते. मान-खांदे वारंवार दुखणारे 198 जण, रबरी पट्टा ओढत हात बाजूला उचलण्याचा एकच व्यायाम, आठवड्याचे पाच दिवस, 10 आठवडे. एका गटाने रोज 12 मिनिटं केला, दुसऱ्याने फक्त 2 मिनिटं. दुखणं दोन्ही गटांचं कमी झालं. चहा उकळेपर्यंत 2 मिनिटं होतात.

आठवडा 7 ते 12: डोकं उचलणं आणि रबरी पट्टा

आता तो छोटा 'हो' करून, हनुवटी तशीच ठेवून, डोकं टॉवेलवरून दोन बोटं उचला. 3-5 सेकंद, खाली. 8-10 वेळा. हनुवटी छताकडे निघाली की तिथेच थांबायचं, आतले स्नायू दमले. मग पालथे पडून, कपाळ घडी केलेल्या टॉवेलवर, मान सरळ ठेवून तसंच.

जमलं की रबरी पट्टा. व्यायामाच्या साहित्याच्या दुकानात मिळतो, रंगावरून ताण ठरतो, सगळ्यात सैल घ्या. खुर्चीत बसा, पट्टा मागे खिडकीच्या गजाला डोक्याच्या उंचीवर पक्का बांधा आणि त्याचा फास कपाळावर घ्या. मान मुळीच न हलवता कमरेतून पुढे झुका. ताण पट्टा देतो, मान तो पेलते. 15 वेळा. मग किंचित उजवीकडे तिरकं, किंचित डावीकडे, आणि तोंड खिडकीकडे करून मागे. फिनलंडच्या त्या स्त्रियांनी असंच केलं होतं. गाठ दोनदा तपासा. पट्टा सुटून डोळ्याला लागू शकतो.

याच्या जोडीला पहिल्या दिवसापासून रोज अर्धा तास चालणं. मिरामारला वाळूवर असो की आपल्या वाड्यावरच्या रस्त्याला, वेग एवढा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. पावसात लोक चालणं सोडतात आणि जुलैत माझ्याकडे येतात. घराच्या सोप्यात येरझाऱ्या घाला, चालतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात सकाळी सातच्या आत उरका.

दुखलं तर थांबायचं का

व्यायाम करताना 10 पैकी 3-4 पर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वपदावर आलं, तर चालू ठेवा. पहिल्या दोन आठवड्यांत पाठ-खांदे अंबतील, ते लावणी लावल्यावर कंबर अंबते तसंच. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच राहिलं तर वजन किंवा संख्या निम्मी करा, बंद करू नका. हातात खाली कळ जाऊ लागली, मुंग्या वाढल्या, बोटं बधिर झाली, तर मात्र थांबा आणि दाखवा.

पाचव्या आठवड्यात काकांची मान पुन्हा आखडली. घरातल्यांनी लगेच पट्टा बाहेर काढला. मी त्यांना दोन दिवस फक्त छोटा 'हो' आणि हलकी हालचाल करायला सांगितली, तिसऱ्या दिवशी अर्ध्या वजनाने परत सुरुवात. जुनाट दुखण्यात असे फेरे येतातच. त्याचा अर्थ काही तुटलं असा नसतो. महिनोन्‌महिने दुखत राहिलेल्या मानेच्या नसा हळव्या झालेल्या असतात, लहानशा कारणाने त्या बोंब मारतात. झोप मोडली, घरात काळजी असली की आणखीच. म्हणून पेशंटला मी झोपेबद्दलही विचारते.

खरा बदल सहा ते बारा आठवड्यांत दिसतो. पंधरा दिवसांत सोडून देणाऱ्यांना काहीच मिळत नाही.

रोजच्या कामात

उशी कुशीवर झोपल्यावर कान आणि गादी यांमधली जागा भरेल एवढीच हवी. चपटी झालेली कापसाची उशी दुमडून घेण्यापेक्षा पुन्हा भरून घ्या. मोबाइल, आदोळीवर (विळीवर) नारळ खवणं, भाजी चिरणं, शिवण, कशातच वाकणं हा गुन्हा नाही. तासन्‌तास एकाच बैठकीत राहणं त्रास देतं. अर्ध्या तासाने उठा, पाच वेळा मान वळवा, पुन्हा बसा.

मान दुखते म्हणून हेल्मेट काढून ठेवणारे पेशंट मला दर महिन्याला भेटतात. कळकळीने सांगते, असं करू नका. सैल हेल्मेट खड्ड्यात डोक्यावर उड्या मारतं, तोच त्रास असतो. आपल्या मापाचं घ्या, खालची पट्टी आवळा.

दाढी-कटिंग झाल्यावर मान कडाकड मोडून घेण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. मान झटक्याने पिळली तर मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचित घडतं, पण घडल्यावर उलटवता येत नाही, आणि मोडल्याचा आराम तासभरही टिकत नाही.

12 आठवड्यांनंतर आठवड्यातून दोनदा खांद्यांचे आणि पट्ट्याचे व्यायाम चालू ठेवा. सोडले की सहा महिन्यांत ताकद उतरते आणि दुखणं परत दाराशी येतं.

माटोळी बांधणाऱ्यांनी चवथीच्या सहा आठवडे आधीपासून दिवसातून दोनदा, एखादा मिनिट मान वर करून हात डोक्याच्या वर ठेवण्याची सवय करावी आणि दर आठवड्याला अर्धा मिनिट वाढवावा. बांधताना जमिनीवरून मान ताणण्यापेक्षा पक्क्या बाकावर उभं राहून माटोळी डोळ्यांच्या जवळ आणावी, कुणीतरी बाक धरावा, आणि वीस मिनिटांनी माणूस बदलावा. काकांनी पुढच्या चवथीला तसंच केलं. सुपाऱ्या आणि कवंडळं त्यांनी बांधली, जड पेंड पुतण्याने. त्या आठवड्यात ते माझ्याकडे आले ते मोदक घेऊन.